फुंकर मारणारी मुलगी आणि तिचे न झालेले कौतुक

मुलांच्या चित्रकथांविषयी या सदरासाठी प्रश्न मागवले होते. नागपूर आणि आसपासच्या भागांतून आलेल्या पत्रांत एकच पात्र पुन्हा पुन्हा डोकावत होते. अंगात अचाट शक्ती आहे, पण घरात, शाळेत आणि गल्लीत ज्याला कोणी मोजत नाही, असे ते मूल आहे. त्याच्या फजितीवर आपण हसतो आणि तरी आपले मन त्याच्याच बाजूचे असते. म्हणून यंदाचे संपूर्ण सदर त्या पात्रासाठी ठेवले आहे. प्रश्न संक्षेपाने दिले आहेत. शेवटच्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्या पत्रासोबत अठरा पानांची एक हस्तलिखित चित्रकथा आली होती आणि ती मी तीन वेळा वाचली.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा सध्या फक्त विनोदी चित्रकथा वाचतो. त्यातला लहान नायक जग वाचवतो आणि घरी येऊन बोलणी खातो. मुलगा खदखदून हसतो. माझ्या सासऱ्यांना मात्र हे पटत नाही. चांगले काम करणाऱ्याच्या वाट्याला सतत अपमान येतो हे वाचून मूल निराश होईल, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?
– एक आई, मनीषनगर

उत्तर : आपल्या सासऱ्यांची शंका मनापासून आलेली आहे, म्हणून तिचे उत्तरही नीट द्यायला हवे. गोष्टीतल्या नायकाला शाबासकी मिळत नाही हे खरे आहे, पण त्याचा पराक्रम कोणीच पाहिलेला नसतो हे खरे नाही. तो आपल्या मुलाने पाहिलेला असतो. पुलावरून कोसळणारी बस ज्याने मागच्या पानावर एका हाताने तोलून धरली, त्यालाच पुढच्या पानावर आई विचारते, "दूध आणायला गेला होतास ना, मग दोन तास कुठे होतास?" चित्रातल्या आईला जे ठाऊक नाही ते वाचणाऱ्या मुलाला पक्के ठाऊक असते आणि त्याचे हसू तिथून येते. नऊ वर्षांच्या मुलाच्या दिवसात अशी वेळ फार थोडी येते. पाहुणे कधी येणार, सुट्टीत कोणाकडे जायचे, शिकवणी कुठे लावायची, हे सगळे मोठ्यांना आधी कळते आणि त्याला शेवटी सांगितले जाते. चित्रकथेत मोठी माणसे अंधारात असतात आणि माहिती त्याच्याजवळ असते. तो अपमानाला हसत नाही. तो त्या नायकाचा एकमेव साक्षीदार असतो आणि ते साक्षीदारपण त्याला मनापासून आवडते.

हे पात्र घडायला बराच काळ लागला आहे. १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचा सुपरमॅन अमेरिकेत छापून आला, तेव्हा पराक्रम हा प्रौढांचाच प्रांत होता. १९४० मध्ये बॅटमॅनच्या सोबतीला रॉबिन हा मुलगा आला, पण मदतनीस म्हणून. त्याच वर्षी बिली बॅट्सन हा वर्तमानपत्रे विकून जगणारा अनाथ मुलगा आला. तो 'शझाम' हा शब्द उच्चारतो आणि कॅप्टन मार्व्हल होतो; म्हणजे शक्ती हवी तर त्याला आधी धिप्पाड पुरुष व्हावे लागते आणि नेमक्या पराक्रमाच्या क्षणी मूल चित्रातून नाहीसे होते. १९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी स्पायडरमॅन आणला. आता शाळेत जाणारा मुलगाच नायक झाला. त्याला म्हाताऱ्या काकूची काळजी आहे, पैशांची चणचण आहे, आणि ज्या वर्तमानपत्राला तो स्वतःचीच छायाचित्रे विकतो ते वर्तमानपत्र त्याला रोज समाजकंटक ठरवते. पराक्रम आणि उपेक्षा एकाच अंगावर वागवणारा नायक इथे ठळकपणे उभा राहिला, असे मला वाटते.

आपल्या मुलाच्या पिढीच्या ओळखीचे उदाहरण मात्र जपानचे आहे. डोरेमॉनचे जनक फुजिको एफ. फुजिओ यांचा परमॅन हिंदी आवाजात आपल्याकडच्या मुलांनी दूरचित्रवाणीवर पाहिला आहे. अभ्यासात मागे, कामात आळशी असा हा साधा शाळकरी मुलगा आहे. त्याला ताकद वाढवणारे शिरस्त्राण आणि उडण्यासाठी झगा मिळतो. तो मोहिमेवर गेला की त्याच्यासारखाच दिसणारा यंत्रमानव घरी त्याची जागा घेतो. आपली ओळख कोणाला सांगायची नाही, ही अट आहे. त्यामुळे शहर परमॅनला मानते आणि त्या मुलाला कोणी विचारत नाही. ही अट ज्याने शोधली त्याला मुलांचे मन फार चांगले कळले होते.

आणि आपल्या सासऱ्यांना माझी एक विनंती आहे. नातवाला त्यांनी श्रीमद्भागवताच्या दहाव्या स्कंधातली दामोदराची गोष्ट सांगावी. पूतनेचा अंत केलेल्या बाळकृष्णाला यशोदा दहीलोण्याच्या खोडीसाठी उखळाला बांधते. दोरी प्रत्येक वेळी दोन बोटे कमी पडते. शेवटी आईची दमछाक पाहून तो बांधून घेतो, आणि मग उखळ ओढत दोन अर्जुनवृक्षांमधून जातो तेव्हा ते दोन्ही वृक्ष कडाडून कोसळतात. आवाजाने नंद आणि गोप धावत येतात. तिथे खेळत असलेली मुले सांगतात की हे यानेच केले, आम्ही पाहिले. मोठ्यांना ते पटत नाही. काहींच्या मनात फक्त शंका राहते. मुलांनी पाहिलेले मोठ्यांना पटले नाही, हा प्रसंग इतक्या जुन्या ग्रंथात इतक्या मायेने आलेला आहे. तो वाचून आजवर कोणी निराश झाले नाही. उलट 'दामोदर', म्हणजे ज्याच्या पोटाला दोरी बांधली तो, हे नाव आपण प्रेमाने घेतो.

एक काळजी मात्र जरूर घ्यावी. विनोद नायकाच्या परिस्थितीवर आहे की त्याच्या शरीरावर, हे एकदा पाहून घ्या. त्याचे जाड असणे, काळे असणे, अडखळत बोलणे यांवर चित्रकार हसवत असेल, तर तो मुलाच्या बाजूने उभा नाही. असे पुस्तक मी माझ्या घरात ठेवत नाही.

प्रश्न : मी सहावीत आहे. माझ्या सुपरहीरोला उडता येते, गायब होता येते, आग ओकता येते, भिंतीतून जाता येते. अशा त्याला एकूण २७ शक्ती आहेत. पण माझा मित्र म्हणतो की गोष्ट बोअर आहे. काऊन बोअर आहे?
– एक मुलगा, पाचपावली

उत्तर : तुझा मित्र खरे बोलला आणि तू त्याचे खरे बोलणे मला कळवलेस, म्हणजे दोघेही चांगले वाचक आहात. ज्याच्याजवळ २७ किल्ल्या आहेत त्याच्यासमोर कोणतेही दार बंद राहत नाही, म्हणून तुझ्या गोष्टीत पुढे काय होईल याची धाकधूक उरत नाही. तू एकच शक्ती ठेव आणि तिला एक अडचण जोड. तुझा नायक गायब होतो, पण हसू आले की लगेच दिसायला लागतो. आता त्याला चोरांच्या खोलीत पाठव आणि त्या चोरांपैकी एकाला सारख्या उचक्या लागू दे. बाकीच्या २६ शक्ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेव, त्या दुसऱ्या २६ गोष्टींना पुरतील. नवीन गोष्ट झाली की मला पाठव.

प्रश्न : आमच्या लहानपणी बर्डीवरून भाड्याने आणलेली इंद्रजाल कॉमिक्स आणि घरी येणारा चांदोबा यांवर आम्ही वाढलो. त्यात राजे होते, वेताळ होता, जादूगार होता. लहान मूल नायक म्हणून आठवत नाही. मराठीत असा उपेक्षित बालवीर कधी झालाच नाही का?
– एक निवृत्त वाचक, गोकुळपेठ

उत्तर : आपली आठवण बरोबर आहे. १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ (म्हणजे फँटम) आणि जादूगार मँड्रेक, चांदोबातला विक्रम राजा, अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या अमर चित्रकथेतले बहुतेक नायक, ही सगळी मोठ्यांच्या जगातली माणसे होती. हिंदीत प्राण यांनी १९७१ मध्ये चाचा चौधरी आणला आणि एक वेगळी गंमत केली. किडकिडीत, पिकल्या मिशांचा म्हातारा हा नायक आहे आणि सगळे बळ गुरू ग्रहावरून आलेल्या साबूकडे आहे. ज्याच्याकडून अपेक्षा नाही त्याला नायक करायचे, हे सूत्र तिथे होते. फक्त त्याचे वय उलट्या टोकाचे होते.

मराठीत अर्धा रस्ता दोन बाजूंनी चालून झाला आहे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे, हा फुरसुंगीचा काटकुळा मुलगा आहे. त्याच्याजवळ सायकल आहे, 'ट्टॉक' असा आवाज काढणारी जीभ आहे आणि संकटात उडी मारण्याची सवय आहे. अलौकिक शक्ती मात्र नाही, आणि भागवतांनी ती दिली नाही हे योग्यच केले. दुसऱ्या बाजूला चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ पासून वर्तमानपत्राच्या पानावर रोज भेटत राहिला. आईची बोलणी, गृहपाठ, शेजारचे काका, गच्चीवरचा क्रिकेटचा चेंडू यांतून त्याने घराघरांत हसू पिकवले. फेण्याचे धाडस आणि चिंटूचे घर एकत्र आणून त्यात एक चिमूटभर अद्भुत घातले की आपण म्हणता तो नायक तयार होतो. इंग्रजीत 'टिंकल' मासिकाने २०१५ मध्ये ऐझॉलची तेरा वर्षांची मापुई ही विंगस्टार म्हणून आणली. तिला पराक्रमापेक्षा आपले साधे शाळकरी आयुष्य अधिक प्रिय आहे. मिझोरमची मुलगी उडू शकते, तर नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यातल्या मुलीने का उडू नये, असे मला वाटत आले आहे. या सदराच्या शेवटी आपल्याला तशी एक मुलगी भेटेल.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या वर्गाने मिळून एक चित्रकथा केली आहे. मुलांनी फुग्यांतले संवाद आपल्या बोलीत लिहिले आहेत. काही सहकारी म्हणतात की ते प्रमाण मराठीत करून घ्या, नाहीतर नागपूरच्या बाहेर कोणाला कळणार नाही. काय करावे?
– एक शिक्षिका, हिंगणा परिसर

उत्तर : संवादांना हात लावू नका. चौकटीच्या वरच्या पट्टीतले निवेदन प्रमाण मराठीत असू द्या आणि फुग्यातला माणूस जसा बोलतो तसा बोलू द्या. "काय करून राहिला बे?" हा प्रश्न "काय करतो आहेस रे?" असा दुरुस्त केला, की बोलणाऱ्या मुलाचा चेहराच बदलतो. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या वाचकाला 'काऊन'चा अर्थ शेजारच्या चित्रावरून कळतो, कारण चित्रकथेत शब्द एकटा नसतो. उलट अशा शब्दांतून विनोदाच्या जागा मिळतात. आईने सांबार आणायला सांगितले आणि बाहेरगावाहून नुकत्याच आलेल्या नायकाने कोथिंबिरीच्या जुडीऐवजी इडलीचे सांबार डब्यात भरून आणले, हा प्रसंग नागपुरातच घडू शकतो.

माझी एकच अट आहे आणि तिच्याविषयी मी आग्रही आहे. बोली फक्त मूर्ख पात्राच्या, नोकराच्या किंवा खलनायकाच्या तोंडी घालू नका. वर्षानुवर्षे नाटकसिनेमांत वऱ्हाडी बोलणारा माणूस हसे करून घेण्यासाठी आणला गेला आणि त्याचा ओरखडा आपल्या मुलांवर उठलेला आहे. आपल्या वर्गाच्या नायिकेने शहाणपणाची, धैर्याची आणि मायेची वाक्येही त्याच बोलीत बोलावीत. "भिऊ नको, मी हाव न" हे पाच शब्द मला कोणत्याही संस्कृतप्रचुर घोषणेपेक्षा जास्त धीर देतात.

लेखनाविषयी थोडे तांत्रिक सांगते, कारण शाळांच्या चित्रकथांत हीच चूक वारंवार दिसते. मुले आधी फुगा काढतात आणि मग त्यात अक्षरे कोंबतात. देवनागरीत मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार ओळीच्या वर जातात, उकार खाली येतात, म्हणून दोन ओळींमध्ये रोमन लिपीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. आधी शब्द लिहावेत आणि मग त्यांच्याभोवती फुगा काढावा. ओळीच्या शेवटी शब्द तोडू नये. जोडाक्षर मध्येच तुटले तर लहान वाचक अडखळतो आणि विनोद तिथेच विरतो. आवाजाचे शब्दही परक्या चित्रकथांतून उचलू नयेत. धप्पकन, सुर्रकन, खळ्ळकन, फुस्स, चर्रर्र असे आवाजी शब्द मराठीत भरपूर आहेत आणि त्या प्रत्येकातून वस्तू वेगळी पडते, फुटते किंवा भाजते.

प्रश्न : मी चित्रकला शिकते. माझ्या चित्रकथेची नायिका महालात राहणारी दहा वर्षांची मुलगी आहे. तिने फुंकर मारली की तापलेली हवा थंड होते. मे महिन्यात ती घर, शाळा, बस सगळे थंड करते, पण श्रेय नेहमी कूलरला मिळते. अठरा पाने झाली आहेत. वाचणारे सगळे मधल्या पानांवर हसतात आणि शेवटाला गप्प होतात. शेवटी तिचा मोठा सत्कार होतो. कुठे चुकले?
– एक विद्यार्थिनी, सक्करदरा

उत्तर : आधी जे साधले आहे ते सांगते, कारण ते पुष्कळ आहे. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की नागपूरच्या घरात कूलर हा कुटुंबातला सदस्य होतो. त्याची टाकी भरणे, वाळ्याच्या ताट्या बदलणे, पंपाला थापटी मारणे ही दिनचर्या होते. तुम्ही ही शक्ती निवडली आणि तिच्या श्रेयावर डल्ला मारायला नेमकी तीच वस्तू उभी केली. बाबा म्हणतात, नवा पंप चांगला निघाला. बाई म्हणतात, खिडक्यांना ओले पडदे लावले म्हणून वर्ग गार झाला. आणि कूलर दुरुस्त करणारा माणूस काही न करता प्रसिद्ध होतो. त्याच्या दारात रांग लागते आणि तो बिचारा हात जोडून सांगत राहतो, "मी तं फक्त टाकी धुतली." या माणसाला तुम्ही लबाड केले नाही, हे मला सर्वांत आवडले. त्याने श्रेय चोरले असते, तर गोष्ट चोर आणि पोलिसांची झाली असती. इथे सगळी चांगली माणसे मनापासून चुकत आहेत आणि एका मुलीला ते दिसत आहे. विनोदाला याहून भक्कम पाया नसतो.

आता मांडणीकडे येते. ती रांग तुम्ही नवव्या पानावर काढली आहे. पुस्तक उघडले की आठवे आणि नववे पान समोरासमोर येते. त्यामुळे वाचकाची नजर आठवे पान वाचण्याआधीच त्या लांबच लांब रांगेवर जाते आणि धक्का फुकट जातो. उजवे पान विषम आणि डावे पान सम असते, म्हणून उत्सुकता विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत ताणावी आणि उत्तर पान उलटल्यावर सम पानावर द्यावे. सातव्या पानाच्या तळाशी मेकॅनिक दाराची कडी काढतो, एवढेच दाखवा. पान उलटले की आठव्यावर गल्लीच्या टोकापर्यंत माणसे असतील. तुमचा आत्ताचा आठव्या पानावरचा शाळेचा प्रसंग नवव्यावर सहज जातो.

तुमची रेषा स्वच्छ आहे, पण भिडस्त आहे. सगळे चेहरे एकाच मापाचे झाले आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आपल्या शहरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, तेव्हा सोबतचे बडगे, म्हणजे टीकेसाठी केलेले माणसांचे पुतळे, एकदा वहीपेन्सिल घेऊन पाहा. बडगा करणारा कारागीर माणसाची सगळी वैशिष्ट्ये दाखवत बसत नाही. तो एक निवडतो, पोट किंवा मिशी किंवा पुढे आलेला हात, आणि तेवढेच अफाट वाढवतो, म्हणून रस्त्याच्या दुसऱ्या टोकावरच्या माणसालाही कळते की रोख कोणावर आहे. अतिशयोक्तीचे इतके चांगले धडे शहर दरवर्षी देते. तुमच्या मेकॅनिकचे दोन जोडलेले हात चित्रागणिक थोडे थोडे मोठे करत जा. मुलीला मात्र वाढवू नका. ती चौकटीच्या कोपऱ्यात, मोठ्यांच्या कमरेएवढीच राहू द्या, म्हणजे तिला शोधण्याचे काम वाचकाला मिळेल.

आता शेवट. पंधराव्या आणि सोळाव्या पानांवर मोहल्ल्याची सभा भरते, तिला सत्य कळते, आणि सतराव्या-अठराव्यावर शाल, श्रीफळ, भाषणे आणि टाळ्या येतात. तुमचे वाचक इथे गप्प झाले, कारण तुम्ही त्यांच्या हातातले गुपित काढून घेतले. चौदा पाने फक्त त्यांना माहीत होते की ती कोण आहे. सत्कार झाला की ते सगळ्यांना माहीत झाले, मग त्यांच्याजवळ काय उरले? तिच्यावर अन्याय झाला म्हणून तुम्हाला वाईट वाटले आणि तुम्ही त्याची भरपाई केली, हे तुमच्या चांगल्या मनाचे लक्षण आहे, पण ती भरपाई वाचकाने आधीच केलेली होती.

मी सुचवते तो शेवट तुमच्याच कल्पनेत दडलेला आहे. कूलर गार हवा कशी देतो ते आठवा. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेते, म्हणून हवा गार होते. विदर्भाची हवा उन्हाळ्यात कोरडी असते, म्हणून ते जमते; पावसाळ्यात हवाच दमट झाली की तोच कूलर घरभर चिकचिक पसरवतो आणि आपण तो पोत्याने झाकून ठेवतो. तुमच्या नायिकेच्या फुंकरीलाही हाच नियम लावा. शक्तीला मर्यादा मिळेल आणि ती मर्यादा प्रत्येक नागपूरकराने अंगावर अनुभवलेली असेल. पाचव्या-सहाव्या पानांवर एखाद्या ओझरत्या वाक्यात तो नियम पेरून ठेवा, म्हणजे शेवटी तो आभाळातून पडल्यासारखा वाटणार नाही.

मग पंधराव्या पानावर असे घडू द्या. जूनचा दुसरा आठवडा, मृग लागलेला, अंगाची काहिली होते आहे. न राहवून मेकॅनिक एकदाचे सांगून टाकतो की करणारी ही पोट्टी आहे, मी नव्हे. त्याचे म्हणणे पारखायला सगळा वाडा अंगणात जमतो. आजी खाटेवर, बाबा कंबरेवर हात ठेवून, बाई चष्मा पुसत. शेवटच्या चौकटीत ती छाती भरून श्वास घेते. पान उलटायचे. सोळाव्या पानावर धो धो पाऊस. सगळे आरडाओरडा करत अंगणात नाचत आहेत, वाळत घातलेले पापड उचलायला धावत आहेत, आणि गाल फुगवून उभ्या असलेल्या मुलीकडे एकाचेही लक्ष नाही. ती फुंकर मारते आणि काहीच होत नाही. कोणी पाहिलेही नाही आणि कोणी रागावलेही नाही, कारण ज्याची वाट पाहत होते ते आभाळातून मिळाले आहे.

सर्वांत खाली एक लहान चौकट ठेवा. तिचा धाकटा भाऊ पावसात घसरून पडला आहे, गुडघा खरचटला आहे, आणि तो सगळ्या मोठ्यांना ओलांडून तिच्याकडे येतो. ती वाकून गुडघ्यावर फुंकर घालते. इथे संवाद नको, आवाजाचा शब्दही नको. फुंकर घालणे या शब्दांचा मराठीतला अर्थ वाचकाला तुम्ही समजावून सांगण्याची गरज नाही, आणि ही फुंकर पावसाळ्यातही चालते हे त्याचे त्यालाच दिसेल.

छपाईसाठीही हे सोयीचे होईल. तुम्ही सेंटर पिनची पुस्तिका करणार असे लिहिले आहे. तशा पुस्तिकेत एक कागद दुमडून चार पाने होतात, म्हणून एकूण पाने चारच्या पटीत लागतात आणि अठरा तिथे बसत नाहीत. सभेची दोन आणि सत्काराची दोन अशी चार पाने काढा, पावसाची दोन घाला; बरोबर सोळा होतात.